नक्कल पकडायची कोणाच्या खर्चाने?

मे महिना निम्मा सरला, की खानदेशातल्या वृत्तपत्रांत दोन तऱ्हेच्या बातम्या शेजारी शेजारी दिसू लागतात. पहिली कपाशीच्या बोगस बियाण्यांची असते. त्यात गुजरात किंवा मध्य प्रदेशाच्या सीमेकडून आलेली पाकिटे, कृषी विभागाचे भरारी पथक आणि पंचनामा असतो. दुसरी एखाद्या नामांकित कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बनावट मालाची असते. तो माल कधी वाहनांचे सुटे भाग, कधी तयार कपडे, कधी चहापावडर असा काहीही असतो, आणि बातमीच्या शेवटी ‘कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या फिर्यादीवरून कॉपीराइट कायद्यान्वये गुन्हा दाखल’ हे वाक्य बहुधा ठरलेले असते. वाचक दोन्ही बातम्या एकाच नजरेने वाचतो आणि नकली माल पकडला, बरे झाले, असे म्हणून पान उलटतो. प्रत्यक्षात या दोन कारवायांमागचे कायदे वेगळे आहेत, त्यांतून संरक्षण मिळणारी माणसे वेगळी आहेत आणि त्यांवर होणारा खर्च कोणी सोसावा या प्रश्नाची उत्तरेही वेगळी आहेत. बौद्धिक संपदेच्या कायद्यांची अंमलबजावणी करण्यासाठी सरकारने पैसा द्यावा का, दिला तर कोणासाठी द्यावा, हा वाद जगभर चालू आहे, आणि तो नीट समजून घेतला तर त्याचे धागे रावेरच्या केळीपर्यंत येऊन पोचतात.

आधी हक्क कोणते ते पाहू

बौद्धिक संपदा म्हणजे माणसाच्या बुद्धीतून निघालेल्या निर्मितीवर किंवा मालाने कमावलेल्या नावावर कायद्याने दिलेला मक्ता. धुळ्याच्या एखाद्या कलाकाराने अहिराणी गाणे रचले, गायले आणि यूट्यूबवर टाकले, तर त्यावर त्याचा कॉपीराइट आपोआप उभा राहतो. नोंदणी केल्यास पुरावा भक्कम होतो, पण नोंदणीवाचून हक्क अडत नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई कारखानदाराने आपल्या मालाला दिलेले नाव आणि चिन्ह म्हणजे ट्रेडमार्क. ठिबकच्या ड्रीपरमध्ये कोणी पूर्वी कोठेही नसलेली सुधारणा केली, तर तिच्यावर मिळतो तो २० वर्षांचा हक्क म्हणजे पेटंट. जळगावची केळी, जळगावचे भरिताचे वांगे आणि नवापूरची तूरडाळ यांना २०१६ मध्ये मिळाले ते भौगोलिक मानांकन, ज्याला आता सगळेच जीआय म्हणतात. हा शेवटचा हक्क एका मालकाचा नसतो, तर त्या मुलखात ठरलेल्या पद्धतीने तो माल पिकवणाऱ्या सर्वांचा असतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

हक्क कागदावर मिळणे वेगळे आणि तो मोडणाऱ्याला अडवता येणे वेगळे. या अडवण्याला अंमलबजावणी म्हणतात. पाळत ठेवणे, तक्रार देणे, छापा घालणे, माल जप्त करणे, तो तपासून घेणे, खटला चालवणे आणि शेवटी माल नष्ट करणे एवढी कामे त्यात येतात, आणि यांतले एकही फुकट होत नाही.

हक्क खासगी, मग पोलीस कशाला?

शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून शेतकरी पोलीस ठाण्यात गेला, तर तिथे मिळणारे उत्तर सर्वांना पाठ आहे: ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ मग तो भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरतो, वकील लावतो आणि तारखांना हजर राहतो. सरकारने त्याच्यासाठी कायदा केला, सातबारा ठेवला, न्यायालय उघडले. पण स्वतःचा बांध सांभाळण्याचा खर्च त्याचा त्यानेच करायचा असतो. तोच शेजारी उद्या दांडगाई करून उभे पीक कापून नेऊ लागला, तर मात्र पोलीस येतात, आणि त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. बौद्धिक संपदेतही अशीच एक रेघ आहे, मात्र ती प्रत्येक हक्कासाठी वेगळ्या जागी ओढलेली आहे.

पेटंटचे उल्लंघन आपल्याकडे पूर्णपणे दिवाणी बाब आहे. कोणी पेटंट मोडले म्हणून पोलीस छापा घालत नाहीत; मालकाने दावा लावावा, मनाई हुकूम मिळवावा, भरपाई मागावी. ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि भौगोलिक मानांकन यांच्या बाबतीत दिवाणी दाव्याची वाट तर आहेच, शिवाय फौजदारी गुन्ह्याचीही आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आणि त्याच वर्षीचा भौगोलिक मानांकन कायदा या तिन्हींत खोटेपणाच्या मुख्य गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी सारखीच शिक्षा आहे. कॉपीराइटचा हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. दखलपात्र म्हणजे न्यायालयाच्या परवानगीची वाट न पाहता पोलीस ज्याचा तपास सुरू करू शकतात तो गुन्हा.

या विषयावरचा जागतिक व्यापार संघटनेचा करार, जो ट्रिप्स या नावाने ओळखला जातो आणि १९९५ पासून लागू आहे, त्याच्या प्रास्ताविकातच बौद्धिक संपदेचे हक्क हे खासगी हक्क आहेत असे मान्य केलेले आहे. सदस्य देशांनी किमान काय करावे तेही तो सांगतो: व्यापारी प्रमाणावर जाणूनबुजून केलेली ट्रेडमार्कची नक्कल आणि कॉपीराइटची चोरी यांना फौजदारी शिक्षा असली पाहिजे. पण त्याच्या ४१ व्या कलमाचे पाचवे पोटकलम असे, की या हक्कांसाठी वेगळी न्यायव्यवस्था उभारण्याचे बंधन कोणावर नाही, आणि उपलब्ध साधनसामग्री सर्वसाधारण कायद्याच्या अंमलबजावणीतून काढून या कामाकडे वळवण्याचेही बंधन नाही. हे पोटकलम करारात यावे यासाठी वाटाघाटींत भारतानेच आग्रह धरला होता. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय करारामुळे आपल्याला जादा पैसा द्यावाच लागतो’ असे कोणी सांगितले, तर ते खरे नाही. पैसा द्यायचा की नाही हा निर्णय आपला आहे.

कायदा केंद्राचा, पोलीस राज्याचे

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क हे विषय केंद्राच्या सूचीत ४९ व्या क्रमांकावर आहेत. पोलीस हा विषय राज्याच्या सूचीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे कायदा संसदेने करायचा, नोंदणीचे शुल्क केंद्राच्या कार्यालयाने घ्यायचे, आणि तो कायदा मोडणाऱ्याच्या मागे मात्र चोपडा किंवा शिरपूर पोलीस ठाण्यातील उपनिरीक्षकाने राज्याच्या पगारावर धावायचे. त्या उपनिरीक्षकाच्या टेबलावर खून, दरोडे, घरफोड्या, अपघात, गिरणा-तापीची वाळूचोरी आणि बंदोबस्ताचे आदेश आधीच पडलेले असतात. बनावट लेबलाची तक्रार त्या ढिगात कितव्या क्रमांकाला येईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

केंद्राने २०१६ मध्ये राष्ट्रीय बौद्धिक संपदा धोरण जाहीर केले. त्यातील सात उद्दिष्टांपैकी एक अंमलबजावणीचे आहे. त्यानंतर वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत यासाठी एक कक्ष उभा राहिला, पोलिसांसाठी मार्गदर्शक पुस्तिका आली, प्रशिक्षणे झाली. तेलंगणाने २०१६ मध्ये आणि त्यानंतर महाराष्ट्राने सायबर विभागात या गुन्ह्यांसाठी विशेष कक्ष सुरू केले. त्यांचा भर चित्रपट आणि मालिकांच्या ऑनलाइन चोरीवर राहिला. आपल्या राज्याने एक पाऊल आधीच पुढे टाकले होते. ज्या ‘एमपीडीए’ कायद्याखाली गुंडांना स्थानबद्ध केल्याच्या बातम्या आपण जळगाव-धुळ्यात वरचेवर वाचतो, त्या १९८१ च्या कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ चोरी करणाऱ्यांचाही समावेश झाला, आणि पुढे वाळू तस्करही त्याच यादीत आले. चित्रपटाची चोरटी प्रत विकणारा आणि हातभट्टीवाला एकाच पंगतीला बसवणे कितपत शहाणपणाचे, याबद्दल मला शंका आहे. पण ज्या उद्योगाची संघटना भक्कम असते, त्याचे गाऱ्हाणे कायद्यात किती लवकर उतरते, हे यावरून दिसते.

चहापावडरीच्या छाप्यात ‘कॉपीराइट’ कसा?

बनावट चहापावडर विकणे म्हणजे मूळ कंपनीचे नाव चोरणे, म्हणजे ट्रेडमार्कचा गुन्हा, असे सरळ वाटते. तरीही बातमीत कॉपीराइट कायद्याचेच नाव का असते? याचे कारण कार्यपद्धतीत आहे, आणि खर्चाचा प्रश्न समजण्यासाठी ते पाहण्यासारखे आहे.

ट्रेडमार्क कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार वॉरंटशिवाय झडती आणि जप्ती करण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच आहे. शिवाय त्याने आधी ट्रेडमार्क निबंधकाचे मत घेतले पाहिजे आणि ते पाळले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणाहून मुंबईच्या कार्यालयाकडे पत्र जाणार, उत्तर येणार, तोवर गोदाम रिकामे झालेले असणार. कॉपीराइट कायद्याच्या ६४ व्या कलमाखाली मात्र साध्या पोलीस उपनिरीक्षकाला खात्री पटली तर तो वॉरंटशिवाय बनावट प्रती जप्त करू शकतो. आता पाकिटावर छापलेले चित्र, अक्षरांची ठेवण आणि रंगांची मांडणी ही एक कलाकृतीच असते, आणि तिच्यावर कॉपीराइट सांगता येतो. म्हणून कंपनीचे वकील पावडरीची तक्रार पाकिटावरच्या चित्राच्या वाटेने नेतात. पोलिसांनाही तेच सोयीचे पडते.

ही पळवाट बेकायदा नाही. पण ती वापरण्यासाठी कायदा कोळून प्यालेला वकील, बाजारात फिरून नमुने विकत घेणारा खासगी तपासनीस आणि पोलिसांसोबत दुकानापर्यंत येऊन ‘हा माल आमचा नाही’ असे जागेवर सांगणारा प्रतिनिधी लागतो. मोठी कंपनी हे सर्व पुरवते. म्हणजे छाप्यातील पोलिसांचे मनुष्यबळ, वाहन, पंचनामा, मुद्देमाल ठेवायची खोली आणि पुढे सरकारी वकील एवढे जनतेच्या पैशाचे, आणि बाकीचे कंपनीचे. जो स्वतःचा वाटा उचलू शकतो, त्यालाच सरकारी वाटा मिळतो. भुसावळच्या लहान मसालेवाल्याचे नाव कोणी चोरले, तर कायद्याने त्याचाही हक्क तेवढाच आहे. व्यवहारात तो अर्ज देऊन घरी येतो.

ज्याचा हक्क त्यानेच खर्च करावा, अशी सोय आहे का?

आहे, आणि ती बरी चालते. आयात होणाऱ्या बनावट मालासाठी २००७ चे सीमाशुल्क नियम आहेत. हक्कधारकाने दोन हजार रुपये शुल्क भरून आपला हक्क सीमाशुल्क विभागाकडे नोंदवायचा, बंधपत्र आणि तारण द्यायचे. संशयित माल बंदरात अडवला गेला, तर तो ठेवण्याचा आणि शेवटी नष्ट करण्याचा खर्च त्यानेच सोसायचा. तक्रार खोटी निघाली तर आयातदाराची भरपाई त्या बंधपत्रातून होते. सरकारी अधिकार वापरला जातो, पण त्याचा भार हक्कधारकावर राहतो, आणि त्यामुळे उगाच तक्रार करण्याची हौसही राहत नाही.

दिवाणी दाव्यातही असेच आहे. न्यायालय आपला आयुक्त नेमून दुकानाची तपासणी करवू शकते, आणि त्याचे मानधन सहसा दावा लावणाऱ्याकडून घेतले जाते. ट्रेडमार्कचा दावा जिल्हा न्यायालयात, आणि तोही हक्कधारकाच्या स्वतःच्या जिल्ह्यात लावता येतो, ही जळगावच्या कारखानदारासाठी मोठी सवलत आहे. वरच्या न्यायालयात जायचे तर उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आहे. प्रवास, वकील आणि वर्षे यांचा हिशेब तिथून पुढे सुरू होतो.

कपाशीचे एक पाकीट

आता पहिल्या बातमीकडे येऊ. ‘बोगस बियाणे’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण ४७५ ग्रॅमच्या त्या एका पाकिटात तीन निराळे गुन्हे असू शकतात.

पाकिटावर नामांकित कंपनीचे नाव खोटे छापलेले असेल, तर तो ट्रेडमार्कचा भंग आहे आणि हक्क त्या कंपनीचा आहे. आतले बी उगवण्याच्या किमान प्रमाणाला उतरत नसेल, तर तो १९६६ च्या बियाणे कायद्याचा विषय आहे, आणि फसवणूक शेतकऱ्याची आहे. आतले बी तणनाशक सहन करणाऱ्या, सरकारने मान्यता न दिलेल्या, जनुकीय बदल केलेल्या वाणाचे असेल, तर तो १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा विषय होतो. यात विकत घेणाऱ्याची फसवणूक असेलच असे नाही; पुष्कळदा त्याला पाकिटात काय आहे हे चांगले ठाऊक असते आणि तेच हवे असते.

भरारी पथक, बियाणे निरीक्षक, नमुने तपासणारी प्रयोगशाळा हे सारे राज्य सरकारच्या खर्चाने चालते, आणि ते योग्यच आहे. बी बोगस निघाले हे शेतकऱ्याला कळते तेव्हा पेरणीचा हंगाम निघून गेलेला असतो; दुकानात उभे राहून पाकीट हाताने चाचपून खरे-खोटे ओळखता येत नाही. जिथे ग्राहकाला माल ओळखता येत नाही आणि चूक झाल्यास मोजावी लागणारी किंमत जबर असते, तिथे सरकारने आपल्या खर्चाने मध्ये पडावे. औषधे, कीटकनाशके, वाहनांचे ब्रेक आणि विजेची उपकरणे यांनाही हेच लागू आहे. अशा छाप्यात कंपनीच्या नावाचे संरक्षण आपसूक होते, पण पैसा खर्च होतो तो शेतकऱ्याच्या हंगामासाठी. बनावट बुटांवरच्या आणि बनावट बियाण्यांवरच्या छाप्यात हाच फरक आहे, आणि सरकारी पैसा मागणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न ‘हक्क कोणाचा’ याऐवजी ‘फसले कोण’ हा विचारला पाहिजे, असे माझे मत आहे.

बियाण्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. वनस्पती वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे; बंदी आहे ती संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पाकिटातून विकण्यावर. २०१९ मध्ये गुजरातमधील काही बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपला नोंदणीकृत वाण लावल्याबद्दल प्रत्येकी कोटीहून अधिक रुपयांचे दावे लावले होते, आणि देशभर टीका झाल्यावर ते मागे घेतले. ते दावे कंपनीच्या पैशाने, दिवाणी न्यायालयात चालले होते. अशा वादात सरकारी निधीवर चालणारे पथक कंपनीच्या बाजूने बांधावर उभे राहिले असते तर काय झाले असते, याचा विचार पथके वाढवण्याची मागणी करताना करायला हवा.

बाहेरच्या देशांनी काय केले?

अमेरिकेने २००८ मध्ये यासाठी खास कायदा केला. त्याने राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात एक समन्वयक नेमला आणि राज्यांच्या व स्थानिक पोलिसांना अनुदान देण्यासाठी २००९ ते २०१३ या काळात दर वर्षी अडीच कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चाला मुभा दिली. मुभा आणि प्रत्यक्ष तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या जिल्हा नियोजनाच्या बैठका पाहिलेल्यांना सांगायला नको. तिथेही मुभेएवढा पैसा दर वर्षी मिळतोच असे नाही. या कायद्याच्या मसुद्यात एक कलम असे होते, की सरकारी वकिलांनी हक्कधारकांच्या वतीने दिवाणी दावे लावावेत. त्याला खुद्द अमेरिकेच्या न्याय विभागानेच विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते, की यामुळे जनतेच्या पैशावर पोसलेले वकील खासगी मालकांचे फुकटचे वकील बनतील. ते कलम शेवटी गळाले.

ब्रिटनचा मार्ग मला अधिक पटतो. लंडन शहर पोलीस दलात २०१३ मध्ये या गुन्ह्यांसाठी वेगळे पथक उभे राहिले, आणि पहिल्या दोन वर्षांसाठी त्याला २५ लाख ६० हजार पौंड तिथल्या बौद्धिक संपदा कार्यालयाने दिले. ते कार्यालय चालते पेटंट आणि ट्रेडमार्कसाठी लोकांनी भरलेल्या शुल्कावर. म्हणजे हक्कधारकांच्याच पैशाचा काही भाग फिरून त्यांच्या हक्काच्या रक्षणाला लागला. आपल्याकडेही पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाच्या तिजोरीत शुल्कापोटी येणारी रक्कम त्याच्या खर्चापेक्षा बरीच जास्त असते. ट्रेडमार्कच्या एका ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लहान उद्योगाकडून साडेचार हजार आणि मोठ्या कंपनीकडून नऊ हजार रुपये घेतले जातात. तपासाचा भार ज्या राज्यांच्या पोलिसांवर पडतो, त्यांच्याकडे या शिलकेतला ठराविक हिस्सा देण्याची व्यवस्था नाही.

‘पण नुकसान तर अब्जावधींचे होते!’

अंमलबजावणीसाठी पैसा मागताना नेहमी नुकसानीचे मोठे आकडे पुढे केले जातात. अमेरिकेत नक्कलेमुळे वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर बुडतात, असा एक आकडा तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या नावाने वर्षानुवर्षे फिरत होता. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा त्यामागे कोणताच अभ्यास सापडला नाही. यावरून नुकसान होत नाही असे मुळीच ठरत नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयासोबत २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात २०१९ च्या जागतिक व्यापारातील सुमारे अडीच टक्के माल नक्कल असावा असा अंदाज मांडला. तो जप्तीच्या नोंदींवरून काढलेला आहे, म्हणजे किमान त्याची रीत तरी तपासता येते.

आकड्यांत एक खोट नेहमी राहते. शंभर रुपयांचा ‘ब्रँडेड’ शर्ट आठवडी बाजारात घेणारा माणूस तो मिळाला नसता तर दोन हजारांचा मूळ शर्ट घेणार होता, असे धरून नुकसान मोजले जाते. तो घेणार नव्हता, हे त्याला आणि दुकानदाराला दोघांनाही माहीत असते. त्या शर्टामुळे कंपनीचे थोडे नुकसान होत असेलही, पण त्यासाठी पोलीस ठाण्याची गाडी फिरवणे हा जनतेच्या पैशाचा चांगला उपयोग नव्हे. कंपन्या कर भरतात म्हणून त्यांना ही सेवा मिळावी, हा युक्तिवादही टिकत नाही. बांधाच्या वादातला शेतकरीही प्रत्येक खरेदीवर कर भरतच असतो.

उलट बाजूनेही एक आक्षेप येतो: स्वस्त मिळते तर गरिबाचे काय बिघडले? शर्टाच्या बाबतीत फारसे नाही. कीटकनाशकाच्या बाटलीच्या बाबतीत मात्र सगळेच बिघडते. बोंडअळी मरत नाही, फवारणीची मजुरी वाया जाते, दुसरी बाटली आणावी लागते. स्वस्त म्हणून घेतलेला तो माल सर्वांत महाग पडतो.

केळी आणि वांगी कोण सांभाळणार?

आता त्या हक्काकडे येऊ, ज्याला एकच मालक नाही. नोंदणीसाठी सरकारी मदत भरपूर आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या केंद्रीय योजनेत भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीला दोन लाखांपर्यंत आणि ट्रेडमार्कला दहा हजारांपर्यंत परतावा ठेवलेला आहे. मानांकन मिळते, सत्कार होतात, फलक लागतात. तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची जीआय केळी २०२१ मध्ये दुबईला गेली, तेव्हा या नावाची किंमत दिसलीही. पण नोंदणीनंतर बाजारात पाळत ठेवण्यासाठी, नमुने घेण्यासाठी आणि दावा लावण्यासाठी पैसा कोठून येणार, याचे उत्तर कोणत्याही योजनेत ठळक दिसत नाही.

बामणोद किंवा असोद्याचे भरिताचे वांगे घ्या. मोठे, हिरवट पांढऱ्या झाकेचे, कमी बियांचे, कपाशीच्या काड्यांवर भाजले की आतून लोण्यासारखे होणारे. हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या भाजीबाजारात ‘जळगावची वांगी’ अशी पाटी कोणत्याही मोठ्या वांग्यांवर लागू शकते, आणि ती खोटी असेल तर भौगोलिक मानांकन कायद्याच्या ३९ आणि ४० व्या कलमांखाली गुन्हा होतो. तक्रार कोण करणार? वांगे पिकवणारा शेतकरी पुण्याच्या मंडईत पाळत ठेवायला जाणार नाही. पोलिसांना झडतीआधी निबंधकाचे मत इथेही घ्यावे लागते, आणि भौगोलिक मानांकनाचे कार्यालय चेन्नईला आहे. पाकिटावर चित्र नसल्याने कॉपीराइटची पळवाटही इथे उपयोगी पडत नाही.

दार्जिलिंगच्या चहाचे उदाहरण इथे जवळचे आहे. २००४ मध्ये देशातले पहिले मानांकन त्याला मिळाले, आणि त्याच्या रक्षणाचे काम चहा मंडळ ही सरकारी संस्था करते. जगभर कोणी ते नाव वापरते का यावर पाळत ठेवण्यासाठी मंडळाने पैसे मोजून संस्था नेमली आणि देश-विदेशात दावे लढवले. त्यातला एक, कोलकात्यातील हॉटेलच्या दालनाला दिलेल्या नावाविरुद्धचा, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला. चहाच्या नावावरचा हक्क दालनाच्या नावापर्यंत ताणता येत नाही असे ठरले. सरकारी पैसाही हरतो, हे खरे. पण हजारो लहान उत्पादकांचे सामाईक नाव सांभाळण्यासाठी तो खर्च करणारी संस्था तिथे आहे. आपल्या केळीला मंडळ नाही, आणि वांग्याला तर नाहीच.

इथे सरकारी पैशाची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते. हक्क सामाईक आहे, धनी विखुरलेले आहेत, आणि खोटी पाटी लागली की शेतकरी आणि ग्राहक दोघेही फसतात. मोठा खर्चही लागत नाही. जिल्हा पोलीस मुख्यालयात या कायद्यांची माहिती असलेला एक अधिकारी, कृषी आणि पणन यंत्रणेकडून हंगामात मोठ्या बाजारांत नमुने घेण्याची व्यवस्था, चेन्नईच्या मतासाठी ठरलेली मुदत, आणि उत्पादक संघाला दावा लावायचा झाल्यास वकिलाच्या खर्चात मदत, एवढ्याने सुरुवात होते.

शेतकऱ्याच्या बाजूने करण्यासारखे एक काम मात्र आजच होऊ शकते. मानांकन मिळाले म्हणून जिल्ह्यातला प्रत्येक बागायतदार ते चिन्ह वापरू शकत नाही. त्यासाठी त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव नोंदवावे लागते, आणि उल्लंघनाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकारही मूळ नोंदणीधारकासोबत अशाच वापरकर्त्याला मिळतो. या अर्जाचे शुल्क पूर्वी ५०० रुपये होते. २०२० मध्ये ते १० रुपयांवर आणले आहे. पावसाळ्यातल्या लागवडीची मृगबाग असो वा त्यानंतरच्या लागवडीची कांदेबाग, रावेर-सावद्याहून केळीचे घड गाडीत भरून पाठवणाऱ्याने त्या नोंदणीचा कागद फायलीला लावून ठेवायला हरकत नाही.